तरंगणारा मासा

कप्तानने मासा लांब पाण्यावर भिरकावला आणि छोट्याने श्वास रोखून कॅमेरा डोळ्याला लावला.

छोट्या बावन्न वर्षांचा होता. दाढी पांढरी झाली होती, पक्ष्यांच्या फोटोंसाठी दोन बक्षिसंही मिळाली होती; पण मोठी बहीण सोबत असली की तो छोट्याच. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या ताईला त्याने आज मुद्दाम होडीत बसवून आणलं होतं. आपला भाऊ काय चीज आहे ते तिने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, एवढीच हौस.

किनाऱ्यावरच्या वाळक्या झाडावरून समुद्री गरुड सुटला. पाण्याला पंजे घासत आला, मासा उचलला आणि वर गेला. कॅमेरा खटखट वाजत राहिला.

"अगंबाई! बघितलंस का रे!" ताई फळीवरून उठायलाच निघाली. होडी डुचमळली तशी खाली बसली आणि तिने दुर्बीण लावली. "घरट्यावर उतरला बघ. दोन पिल्लं आहेत. कसली घाई मेल्यांना!"

"माझी ताई खूश, म्हणजे आज फेरी वसूल," छोट्या म्हणाला. त्याला खरंच फार बरं वाटत होतं.

कप्तानने दुसरा मासा घेतला. कप्तान हे थट्टेने पडलेलं नाव. त्याच्या हुकमतीत एक होडी आणि एक खोकणारं इंजिन एवढंच होतं. त्याने सुरीने माशाचं पोट चिरलं, पिशवीतून थर्माकोलचा तुकडा काढला, चुरला आणि बोटाने आत कोंबला.

ताईने दुर्बीण खाली घेतली. "हे काय भरताय?"

"थर्माकोल. नाहीतर मासा बुडतो ना, ताई. असा भरला की वर राहतो. गरुडाला दिसतो, फोटोवाल्यांनाही वेळ मिळतो."

"आत्ता गरुडाने नेला, त्यातही होतं?"

"सगळ्यांतच असतं."

ताईने पुन्हा दुर्बीण लावली. ती घरट्यावर रोखून धरली.

"धाकट्या पिल्लाच्या चोचीला पांढरं काहीतरी चिकटलंय," ती शेवटी म्हणाली. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

दोन वर्षांपूर्वी ह्याच फळीवर बसून, नव्या लेन्सच्या खोक्यातला थर्माकोल मोडून पहिला मासा छोट्यानेच भरला होता. डोकं आहे बुवा साहेबांना, असं तेव्हा कप्तान कौतुकाने म्हणाला होता. पुढे येईल त्या फोटोवाल्याला कप्तान ही युक्ती करून दाखवत गेला.

कप्तानने एकदा साहेबांकडे पाहिलं. साहेब लेन्स पुसत होते. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"माझ्याच, ताई," कप्तान म्हणाला.

मग ताईने त्याला असा काही झाडला की सोय नाही. ह्या पाण्यावर पोट भरता आणि ह्याच पाण्यातल्या जिवांना विष चारता? पिल्लांची पोटं ह्या असल्या कचऱ्याने भरतील आणि भरल्या पोटी उपाशी मरतील, कळतंय का? कप्तान मान खाली घालून ऐकत होता. सुरी अजून त्याच्या हातात होती, ती कुठे ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं.

छोट्या पुढेही नुसता गप्प राहिला असता, तरी एक वेळ चाललं असतं. पण ताई त्याच्याकडे वळली. "तू काय मूग गिळून बसलायस? तुला तर कळतं ह्यातलं."

"हो ना," छोट्या म्हणाला. "अरे कप्तान, हे काय? एवढंसुद्धा कळू नये तुला?"

आवाज चढला. त्यातला राग अगदी खरा वाटला, आणि त्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"चुकलं," कप्तान म्हणाला. त्याने माशाच्या पोटातून थर्माकोलचा एकेक कण वेचून काढला आणि पाण्यात उडू नये म्हणून आपल्याच शर्टाच्या खिशात ठेवला.

परतीच्या वाटेवर इंजिनच्या आवाजात बोलायची सोय नव्हती. छोट्याने त्याचाच आधार घेतला. आवाज थांबला की सांगू. वाटेतलं तरंगतं बोयरं मागे पडलं की सांगू. धक्का आला की सांगूच. ताई मात्र त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती, आणि तो हात त्याला सोसवत नव्हता. धक्का आला. इंजिन थांबलं. ताई त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उतरली आणि पायऱ्या चढू लागली. तो कॅमेरा पिशवीत भरत राहिला.

ती जरा वर गेल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "कशाला अंगावर घेतलंस, कप्तान?"

कप्तान दोर गुंडाळत होता. "ताई सकाळपासून किती कौतुकाने बघत होत्या तुमच्याकडे. त्यात मी कशाला बिब्बा घालू? माझी-त्यांची काय परत गाठ पडायची?" त्याने आणखी दोन वेढे घेतले. "फक्त तुम्ही ओरडायला नको होतं, साहेब."

"मी..." छोट्या म्हणाला.

"छोट्या!" ताईने वरच्या पायरीवरून हाक मारली. "त्यांना नीट समजावून सांग रे. परत करता कामा नये!"

"हो, ताई!" छोट्या ओरडला. कळायच्या आत तोंडातून गेलंच.

कप्तानने हातातला दोर खाली ठेवला, ओले हात शर्टाला पुसले आणि ऐकायला त्याच्यासमोर उभा राहिला.