पाणी चांगलं आहे

काचेच्या नळीत औषधाचे थेंब पडले आणि नळाचं पाणी फिकट पिवळं झालं. आजींचा चेहराच उतरला.

"म्हणजे विषारीच आहे की हो!"

"उलट आहे, आजी." पाणी तपासायला आलेला माणूस हसला. या पिवळ्या रंगाला घरोघरी लोक घाबरत. "पिवळं झालं म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, जंतूंची भीती नाही. रंगच आला नसता, तर मी घाबरलो असतो. एवढ्याशा क्लोरीनने कोणाला काही होत नाही. वास खुपत असेल तर भांडं थोडा वेळ उघडं ठेवा."

"आणि तुमच्या कागदावर ते क्लोराइड लिहिलंय, ते?"

"नाव सारखं, प्रकरण वेगळं. ते आपल्या मिठातलं. तेही पाहिलं, बेताचंच आहे."

"माझ्या लहान नातीला चालेल?"

"खुशाल प्यायला द्या."

आजींचा जीव भांड्यात पडला. गेल्या खेपेला मुलगा याच नळापाशी नाक मुरडून गेला होता. क्लोरीन पोरीला बाधतं, पाण्याचं काहीतरी कर, मग येतो, म्हणाला होता. तेव्हापासून घरात दुसरं माणूस म्हणून फिरकलेलं नव्हतं. आजींनी फोन करकरून पाणीखात्याला भंडावून सोडलं, तेव्हा कुठे हा एक उगवला होता.

त्यांनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. ऐकू कमी येई, म्हणून फोनचा स्पीकर चालू ठेवलेला.

"अरे, पाणी एकदम चांगलं आहे! तपासणारे इथेच उभे आहेत. छोटीला घेऊन ये सुट्टीत."

"बरं... बघू," मुलगा म्हणाला. "तिचा पोहण्याचा क्लास आहे गं. सुट्टीभर रोज तलावावर जायचंय तिला."

तपासणाऱ्याने मान खाली घालून नळी धुवायला घेतली. पोहण्याच्या तलावात नळापेक्षा किती जास्त क्लोरीन घालतात, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. आजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांनाही कळलं. खूप वाईट वाटलं त्यांना. पण पलीकडे मुलगा अजून शब्द शोधत होता, अडखळत होता, आणि ते त्यांना ऐकवेना.

"थांब हं, हे काहीतरी म्हणतायत," त्या घाईने म्हणाल्या. तपासणारा तोंडातून अक्षर न काढता उभा होता. "अरे, पुन्हा तपासावं लागेल म्हणे. तोवर नकाच येऊ तुम्ही."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" मुलगा म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला होता.