काचेखालचा डाग

लग्नाचा हिरवा चुडा भरून होताच अक्का कासारणीला नवरीच्या मनगटावर जांभळे डाग दिसले.

"तूच करकचून दाबलंस," नवरीची आई म्हणाली. "मंजिरीच्या रक्तात राखणदार सोडलेत, डोळ्यांना न दिसणारी इवली यंत्रं. जरा खरचटलं की तिथलं रक्त गोठवतात. दंडावर बसवलेला त्यांचा दिवा हिरवाच आहे बघ, म्हणजे सगळं ठीक."

अक्काने काचेची बांगडी डागावर दाबली. भोवतालची कातडी पांढरी पडली, डाग मात्र तसाच राहिला. बोटांची टोकं काळपट आणि गार होती.

"पोरी, राखणदार कितीदा घेतलेस?"

"दोनदा," मंजिरी पुटपुटली. "काल हळदीला सासूबाईंनी शकुनाचे म्हणून पाजले. नको कसं म्हणू?"

दोन घरचे राखणदार एकमेकांनाच जखम समजत होते आणि अंगभर रक्त गोठत चाललं होतं. सुजलेल्या हातात चुडा रुतू लागला. अक्का एकेक बांगडी मोडू लागली.

"अगं, लग्नाआधी चुडा फोडतेस?" आई किंचाळली.

"हात राहिला तर पुन्हा भरेन."

काचेची एक कपची मंजिरीच्या बोटात खोल शिरली. ती हललीसुद्धा नाही. रक्ताचा थेंबही आला नाही.

"गाडी काढा!" म्हणत आई अंगणात धावली. दंडावरचा दिवा अजून हिरवाच होता.