पावसाळ्यासाठी फट

रंध्यातून निघालेला लाकडाचा पापुद्रा इतका पातळ होता, की त्याच्याखाली पसरलेल्या वर्तमानपत्रातली अक्षरं आईला वाचता येत होती.

"एम.एस्सी. होऊन परदेशात सुतारकी शिकायला गेलीस, तेव्हा सगळे हसले होते," ती म्हणाली.

"तू धरून!" ऋजुता मागचं दार तासत राहिली. "त्याच सुतारकीवर मला तिथे कायमचं राहता आलं. दरवर्षी विचारते, आता तरी येशील का माझ्याकडे राहायला?"

आई पापुद्रे गोळा करू लागली.

दार बसवून झालं.

"कडेला एवढी फट कशाला गं?"

"पावसाळ्यात लाकूड फुगतं. तू एकटी, दार अडकलं तर?"

आईने दार एकदा लावून, उघडून पाहिलं.

"फुगू दे," ती म्हणाली. "पावसाळ्याआधीच मी तुझ्याकडे राहायला येतेय."