थोमाचं बोट

आखाती देशातल्या शवागारात म्हाताऱ्या सुदानी नोकराने कप्पा बाहेर ओढला, चादर बाजूला केली आणि दचकून मागे सरला. कप्प्यातला चेहरा आणि समोर उभ्या माणसाचा चेहरा एकच होता. तेच बसकं नाक, त्याच जुळलेल्या भुवया.

"तौअम?" सुदान्याने हळूच विचारलं.

"हो, थोमा," थोमा म्हणाला. याला माझं नाव कोणी सांगितलं, असं त्याच्या मनात आलं.

"नाव नाही विचारत तो," शेजारी उभा असलेला इम्रान म्हणाला. "जुळे का, असं विचारतोय."

"एकच झालं," थोमा म्हणाला.

आणि ते खरंच होतं. आजोबांचं केरबा हे नाव आधी जन्मलेल्याला मिळालं. मागून दुसरा येईल, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच्यासाठी नाव उरलं नाही तेव्हा गावच्या चर्चचे पाळक म्हणाले, प्रभूच्या बारा प्रेषितांत एक थोमा होता, थोमा म्हणजेच जुळा, तेच ठेवा. मेलेला प्रभू उठला हे बाकीच्यांनी सांगितलं, तेव्हा जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा तोच. तेवढीच गोष्ट धरून गावाने याला जन्मभर शंकेखोर म्हणून चिडवलं. तोच प्रेषित पुढे सुतारकी करत हिंदुस्थानात आला आणि तिथेच भाल्याने मेला, हेही पाळक सांगायचे. ते कोणी ध्यानात ठेवलं नाही. केरबाने तेवढं ठेवलं होतं. तो इथे स्लॅबखालच्या सेंटरिंगचा सुतार झाला आणि थोमा ओल्ड एअरपोर्ट भागात शाळेची बस चालवू लागला. "नाव तुझ्याकडं अन् करवत माझ्याकडं," केरबा म्हणायचा. "देवाचीच गफलत झाली गड्या."

केरबाच्या कंपनीने निरोप दिला होता, केरबा खोलीत झोपला तो उठलाच नाही, हृदय बंद पडलं. सकाळी गावाकडून आईचा, विठाबाईचा फोन आला होता. "लोकं सांगत्यात म्हणून मी न्हाई मानायची. तू हात लाव. तू म्हणशील ते खरं." मग म्हणाली होती, "खड्डा खणून झालाय रे. तुझ्या बापाशेजारी. लौकर आण त्याला. उघडा खड्डा दुसरं माणूस मागतो."

थोमाने कपाळाला हात लावला. गालाला लावला. मग उशी सारखी करावी तसा डोक्याखाली हात घातला. उजव्या कानामागे बोट टेकलं आणि टेकलं तिथे हाड लागलं नाही. बोट आत गेलं.

त्याने ते बाहेर काढून दिव्याकडे धरलं. काळं पडलेलं रक्त होतं आणि त्यात लाकडाचा भुसा.

थोमा त्या भुशाकडे बघत राहिला. लहानपणी बापाच्या सुतारकामात खेळून दोघे तसेच भुसाभरल्या अंगाने अंथरुणावर पडले, की विठाबाई उलथन्याने बडवायची. थोमा विसरला, केरबाच्या ते हाडात मुरलं. दुहैलच्या बांधकामाच्या साइटवरून कितीही दमून आला, तरी डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय तो गादीला पाय लावत नसे. खोलीतली पोरं त्याला त्यावरून हसायची.

"इम्रानभाई, हा झोपेत नाही गेला."

इम्रान मूळचा खेडचा. कंपनीची सरकारी कामं तो बघायचा, आणि मेलेल्यांना घरी धाडायचं कामही त्याच्याकडेच होतं. त्याने दाराकडे एकदा पाहिलं.

"मला काय डोळे नाहीत?"

"पडलाय हा. कामावर. अन् मग उचलून खोलीत नेऊन..."

"हळू. बोल, जरूर बोल, पण मला नको. बाहेर पोलिसांचे साहेब बसलेत, त्यांना सांग. केस होईल. चिरफाड होईल. साइटवरच्या एकेकाला बोलावतील. तोवर तुझा भाऊ ह्या कप्प्यात. आई थांबेल तेवढी?"

थोमाने डाव्या हाताने केरबाच्या भुवया सारख्या केल्या.

"नाहीतर आज विमानात चढतो. तुझी मर्जी. मला काय, गाडी दोन्हीकडं जाते." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "माझ्या मामूला आम्ही असाच नेला. आम्हीपण काही बोललो नाही."

सुदान्याने चादर पुन्हा ओढली. ओढताना केरबाचं डोकं त्याने दोन्ही हातांनी जपून सरळ केलं. त्यालाही ठाऊक होतं.

बाहेरच्या टेबलामागे बसलेले साहेब तरुण होते, सौम्य होते. त्यांनी अरबीत काही विचारलं.

"काही शंका आहे का, म्हणतात," इम्रानने सांगितलं.

उभ्या आयुष्यात हा प्रश्न थोमाला कोणी खरोखर विचारला नव्हता. साहेब उत्तराची वाट बघत होते. त्यांना घाई नव्हती. थोमाला ना पाळक आठवले, ना प्रेषित. बापाशेजारचा उघडा खड्डा आठवला, आणि काठाशी बसलेली विठाबाई.

"ला," तो म्हणाला. नाही.

"खलास," इम्रान पुटपुटला. "शुक्रन, साहेब."

आवारातल्या भिंतीला टेकून थोमाने डाव्या हाताने फोन लावला. उजवा हात त्याने अंगापासून दूर धरला होता.

"लावलास का हात?"

"लावला, आई."

"कसा दिसतोय?"

"झोपल्यावानी."

"कुठं लागलं-बिगलं न्हाई ना रे?"

"न्हाई."

मग ती म्हणाली, "तर मग मानते मी. तू हात लावल्याबिगर मानायचा न्हाईस, ठावं हाय मला."

थोमाचा उजवा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे गेला. उजव्या कानामागे बोट टेकलं. तिथे हाड शाबूत होतं. हात खाली आला तेव्हा थोडा भुसा त्याच्या केसांत राहिला.