गावचा भाचा

नवनीतचा बूट ललितच्या नडगीवर बसला तेव्हा चेंडू तिथे नव्हताच. तो केव्हाच पुढे निघून गेला होता. वाळलेलं सरपण मोडावं तसा आवाज झाला आणि मैदानाच्या कडेला बसलेल्या गजराबाईच्या ओंजळीतले शेंगदाणे मातीत सांडले.

ललित तिच्या भावाचा, चुडामणचा मुलगा. नवनीत तिच्या पोटचा, पाहुण्या संघाकडून खेळणारा. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

मग भडका उडायला वेळ लागला नाही. रेफरीची शिट्टी तोंडातच राहिली, कारण पहिला दगड त्यालाच लागला. यजमान कॉलेजची पोरं दोरी तोडून आत घुसली. कुणी झेंड्याची काठी उपटली, कुणी कमरेचा पट्टा काढला. पाहुण्या संघाचा गोलकीपर जाळीत गुरफटला आणि तिथेच लाथांखाली आला. टाळ्या वाजवायला सोबत आलेली शहाद्याकडची माणसं गाडीकडे पळाली, तर गाडीच्या काचा त्यांच्या आधी खाली आल्या होत्या. एका म्हाताऱ्याचं कपाळ फुटलं. ड्रायव्हर सीटखाली जाऊन बसला होता, आणि त्या घडीला सगळ्यांत शहाणा तोच होता.

गजराबाई पळाली नाही. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडून तीही त्याच गाडीतून आली होती, पण रनाळ्याच्या पुढचं हे गाव तिचं माहेर. पोराची मॅच हे निमित्त, खरी ओढ भावाच्या घराची होती. दगड मारणारे हातही ओळखीचे होते. त्यातला एक तर तिला आत्या म्हणत जरा बाजूला व्हायला सांगून, तिच्या डोक्यावरून दगड भिरकावून पुढे गेला.

आणि या हाणामारीत नवनीत मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

इकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाच्यावर हात टाकला तर म्हातारपणी मामाचे हात असे थरथरतात, की घास तोंडापर्यंत जात नाही, असं म्हणतात. आणि गावच्या लेकीचा पोरगा तर सगळ्या गावाचाच भाचा. येताना गाडीत नवनीतने हेच हसत हसत पोरांना सांगितलं होतं. तिथे मला कोण हात लावतो ते बघाच, म्हणाला होता. गजराबाईची मान तेव्हा ताठ झाली होती. आता त्या हसण्याचा अर्थ तिला लागला.

चुडामण गर्दी कापत आला. त्याच्या हातात बाभळीचा दंडका होता. मागे दोघांनी ललितला उचललं होतं. त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच लोंबत होता आणि मोज्यातून रक्त गळत होतं. पुढच्या महिन्यात त्याची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. वर्षभर तो पहाटे उठून याच मैदानावर धावला होता.

चुडामणने दंडका उगारला. नवनीत जागचा हलला नाही.

"मारा ना मामा," तो म्हणाला. "भाचा शे मी तुमना."

दंडका वरच राहिला. चुडामणच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, दात करकर वाजले, आणि मग हातातला दंडका आपोआप सुटून खाली पडला. त्याने बहिणीकडे पाहिलं. गजराबाईला कळायचं ते कळलं. आता आखाजीच्या सणाला भावाच्या दारात ती कोणत्या तोंडाने येणार होती? तिचं माहेर तिच्या डोळ्यांदेखत सुटत होतं.

मग चुडामण वाकला. हात उगारला हाही दोषच, म्हणून त्याने भाच्याच्या बुटांना हात लावून तो कपाळाला लावला. उजव्या बुटाला ललितचं रक्त होतं. ते चुडामणच्या कपाळावर उमटलं. दगड मारणाऱ्या पोरांचे हात खाली आले. नवनीत हसला.

पहिला तडाखा त्याच्या पाठीत बसला. रीत मोडणारा हा कोण, ते बघायला तो गर्रकन वळला. समोर आई दंडका धरून उभी होती. त्याचं हसू विरलं.

"मामाले चालत नही," गजराबाई म्हणाली. "मायले चालस."

दुसरा तडाखा तिने नडगीवर घातला. तो कोसळला. तिसरा मांडीवर बसला आणि तो लहानपणी रडायचा तसा ओरडला. तीही रडत होती, पण हात थांबत नव्हता. तिला खरंच त्याचा पाय मोडायचा होता. सबंध गाव बघत होतं आणि कुणी पुढे येत नव्हतं. आईला अडवायची रीत कुणाला ठाऊक नव्हती. तिने दोन्ही हातांनी दंडका डोक्याच्या वर नेला, ललितच्या मोडलेल्या पायाची आठवण करून सगळा जीव एकवटला आणि खाली आणला.

दंडका बसला चुडामणच्या पाठीवर. चुडामण नवनीतवर पालथा पडला होता. त्याच्या तोंडून किंकाळी निघाली, तरी त्याने पोराला दोन्ही हातांनी आपल्या अंगाखाली ओढून घेतलं.

"बस कर, आक्का," तो खालून म्हणाला, अजून दातओठ खात. "भाचा शे मन्हा."