काळी वायर

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात, चारचौघांदेखत भाऊसाहेब सरनोबतांनी बशीर वायरमनला फैलावर घेतलं. "वायरिंग केलंस की पोरखेळ? येता येता दोन बल्ब उडाले, बॅटरी उकळायला लागलीय!" मागे त्यांची साठ सालची पांढरीशुभ्र गाडी बॉनेट उघडून उभी होती.

बशीरनं इंजिन चालू करायला लावलं आणि बॅटरीला मीटर लावला. सतरा व्होल्ट! साडेचौदाच्या वर जायलाच नको होतं. मग तो चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरवर वाकला, आणि सरनोबतांना एकदम सगळं आठवलं.

गाडी रंगवून आली तेव्हा बशीर म्हणाला होता, "भाऊसाहेब, रेग्युलेटरखालचा रंग जरा खरवडतो. रंगावर अर्थिंग मिळत नाही, मग चार्जिंगला लगाम राहत नाही." पण त्यांनी नव्या रंगाला हात लावू दिला नव्हता. म्हणून बिचाऱ्यानं अर्थिंगची काळी वायर वरून ओढली होती. काल गाडी पुसताना तीच सरनोबतांच्या डोळ्यांत खुपली, आणि त्यांनी ती पकडीनं तोडून टाकली होती. नंतर ते पार विसरूनही गेले होते.

बशीरनं वायरचं टोक चिमटीत धरलं. पकडीनं तोडलेलं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्यानं एकदाच सरनोबतांकडे पाहिलं आणि लोकांकडे वळून म्हणाला, "उंदरानं कुरतडलीय. आत्ता जोडून देतो."

खरं सांगायला सरनोबतांनी तोंड उघडलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"हो ना," ते म्हणाले, "गॅरेजात उंदीर फार झालेत."