डावं चाक

“उतारावर हात जोडायचे न्हाईत. देवाकडं बघायला सारा गाव हाय. तू चाकाकडं बघ.”

वडील जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांचा हा आवाज कोंडीबाच्या कानात आज सकाळपासून घुमत होता. दुपारी देवाचा रथ निघायचा होता. आणि समोर अंगणात गुंडा बसला होता, कुबडी मांडीवर आडवी घेऊन.

रथाच्या उजव्या चाकाला मोगरी लावायचा मान कोंडीबाच्या घराचा, डाव्या चाकाचा गुंडाच्या. मोगरी म्हणजे लांब दांड्याचा बाभळीचा ठोकळा, चाकाखाली सारायचा. देवळापासून खाली चावडीपर्यंत सगळा उतार. वर उभा असतो तेव्हा रथ कसा गरीब दिसतो, शंभर माणसांनी दोर ओढला तरी जागचा हलत नाही. पण एकदा का उताराला लागला, की दोर सैल पडतात. मग माणसांनी रथ न्यायचा की रथानं माणसं, हे त्या दोन ठोकळ्यांवर. दोन्ही एका दमात पडायला हवेत.

गेल्या वर्षी उताराच्या तोंडाशीच वाऱ्यानं रथाचा पडदा सरकला. वाकून चाकच बघत आलेल्या कोंडीबाला जन्मात पहिल्यांदा रथातला देव दिसला, उन्हात लखलखणारा. मोगरी काखेत मारून त्यानं हात जोडले.

तेवढ्यात उजवं चाक मोकळं धावलं. डावं एकटंच अडलं, रथ तिरका झाला, आणि गुंडाची मोगरी उडवून डावं चाक त्याच्या पायावरून गेलं. मग कुठं कोंडीबानं आपली मोगरी सारली. गावानं पाहिलं ते एवढंच, की गुंडाची मोगरी निसटली आणि कोंडीबानं रथ आवरला. त्याला फेटा बांधला. त्यानं तो बांधून घेतला.

“पायाचं काय न्हाई,” गुंडा म्हणाला. “मिरजेच्या डाक्टरनं आत लोखंडी पट्टी घातलीया. आता पावसाचं गावाच्या आदी मला कळतंय.”

दुखणं वेगळंच होतं. पंचांनी डावं चाक दुसऱ्या घराला दिलं होतं. गुंडाचा मुलगा धनाजी पलटणीतून रजा काढून आला होता, बापाच्या जागी मोगरी धरायला. काल चावडीवर त्याला, यंदा तुमचं राहू द्या, म्हणून सांगितलं. रात्री पोरगं जेवलं नाही. हे सगळं सांगून गुंडानं आपल्या घरची मोगरी पुढं केली.

“ही तूच ठिव. मला बघवत न्हाई. वरीसभर इचार करतोय गड्या, माजा हात हालला कसा? आज्यापास्नं कुणाचा हालला न्हाई.”

कोंडीबानं मोगरी घेतली नाही. खाली मान घालून म्हणाला, “तुजा हात हालला न्हाई, गुंडा.”

गुंडाला ती समजूत वाटली. तो हसला. “तू म्हणणारच. मैतर हायस.”

मोगरी भिंतीला टेकवून तो उठला आणि कुबडी टेकत निघून गेला.

कोंडीबाची बायको धोंडुबाई दारात उभी होती. रथाचा उपास म्हणून सकाळपासून ती पाण्यावर होती. गुंडाचं बोलणं तिनं ऐकलं होतं, आणि नवऱ्याचं अर्धवट बोलणंही. खरं काय झालं ते गावात तिला एकटीला ठाऊक. मिरजेच्या दवाखान्यात, गुंडाला आत नेलं तेव्हा, कोंडीबानं तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं. त्यानंतर वर्षभर तिनं तो विषय काढला नव्हता.

“आवं,” ती हळू म्हणाली, “फुडचा रथ हालायच्या आदी पंचांना सांगीन म्हणाला हुतासा.”

वर देवळात ढोल लागला होता. कोंडीबा उठला. खुंटीवरच्या फेट्याला त्यानं हात लावला नाही. तसाच बोडक्यानं, अनवाणी बाहेर पडला.

गुंडा फार लांब गेला नव्हता. उतारावर त्याची कुबडी सारखी निसटू बघत होती. कोंडीबानं त्याला गाठलं.

“चावडीवर चल. पंचांम्होरं बोलायचं हाय. तुज्या आन धनाजीच्या देखत.”

“आता काय ऱ्हायलंय बोलायचं?”

कोंडीबा गुंडाच्या उताराकडच्या अंगाला गेला, अर्धं पाऊल पुढं राहिला, आणि त्याच्या पावलाच्या चालीनं खाली उतरू लागला.